त्रिमितीय अवकाश आतून कसं बघायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोपॉलॉजीबद्दल, म्हणजे ताणलं-वाकवलं तरी आकारांचं जे बदलत नाही त्याच्या गणिताबद्दल, कुठेही बोलले, की नंतर विद्यार्थ्यांचे, पालकांचे आणि कुतूहल म्हणून वाचणाऱ्यांचे प्रश्न येत राहतात. वर्षानुवर्षं तेच तेच येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलं तर सोपं जाईल, पण प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळावं असा प्रयत्न आहे.

१. आपण तीन मितींच्या जागेतच राहतो. मग त्रिमितीय अवकाशात मुद्दाम बघण्यासारखं काय आहे?

मुंगीला मेदूवडा काय आणि लाडू काय, पायाखाली दोन्ही सपाटच लागतात. फरक कळतो तो लांबवर चालल्यावर. वड्यावर दोरा गुंडाळून त्याचा फास आवळला, तर तो भोकातून गेला असल्यास अडकतो. लाडवावरून तोच दोरा घसरून सुटतो.

तीन मितींतही हेच घडतं. आपल्या खोलीला लांबी, रुंदी आणि उंची आहे, पण ही झाली जवळपासची ओळख. एकूण अवकाशाचा आकार त्यावरून ठरत नाही. सरळ जात राहिलं तर आपण कायमचे दूर जाऊ, की फिरून घरी येऊ? आलो तर कुठल्या बाजूने? जवळून आपल्या खोलीसारखी, पण एकूणात वेगवेगळ्या आकारांची अशी असंख्य अवकाशं गणितात आहेत. त्यांना त्रिमितीय मॅनिफोल्ड म्हणतात.

अडचण एकच. वडा आपण बाहेरून बघतो, पण अशा अवकाशाच्या बाहेर उभं राहायला जागाच नसते. म्हणून आत शिरायचं आणि काय दिसतं ते बघायचं. पुढची सगळी उत्तरं याच एका सवयीवर उभी आहेत.

२. "समोरासमोरच्या बाजू जोडायच्या" म्हणजे नेमकं काय? हे घरी करून बघता येईल का?

जुन्या नोकिया फोनवरचा साप आठवा. भिंती नसलेल्या खेळात तो पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर गेला की डाव्या कडेतून आत यायचा, वरून गेला की खालून. पडदा चपटा चौकोनच राहिला, पण सापाच्या दृष्टीने त्याला कडाच उरली नाही. डावी-उजवी आणि वरची-खालची कडा "जोडलेली" आहे, ती या अर्थाने. या पृष्ठाला टोरस म्हणतात आणि टोपॉलॉजीच्या दृष्टीने तो आपला वडाच.

घरी एक कागद घ्या. दोन कडा चिकटवल्या की नळी होते. नळीची दोन तोंडं जोडायला गेलात की कागद चुरगळतो. हा कागदाचा दोष आहे, जोडणीचा नाही. "इथून बाहेर, तिथून आत" हा नियम सांगितला की जोडणी झाली. वाकवणं, चिकटवणं ऐच्छिक आहे.

आता हीच गोष्ट खोलीची करा. समोरच्या भिंतीतून गेलात की मागच्या भिंतीतून आत, उजवीतून गेलात की डावीतून, छतातून गेलात की जमिनीतून वर. हा झाला त्रिमितीय टोरस.

३. त्या खोलीत उभं राहिलं तर काय दिसेल? सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांसारखं?

जवळपास तसंच, पण महत्त्वाचा फरक आहे. सलूनमध्ये समोरच्या आरशात आपला चेहरा दिसतो, त्यामागे पाठ, मग पुन्हा चेहरा. टोरसमध्ये समोर बघितलं की स्वतःची पाठच दिसते. त्यापुढे आणखी एक पाठ, त्यापुढे आणखी एक, लहान लहान होत गेलेली. उजवीकडे वळून बघाल तर स्वतःचा डावा कान, वर बघाल तर तळपाय, खाली बघाल तर डोक्यावरचा भांग. आरसा माणूस उलटवतो. इथे कोणी उलटत नाही, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. हात वर केलात की सगळे तोच हात वर करतात.

या "प्रती" वेगवेगळी माणसं नाहीत. खोलीत तुम्ही एकटेच आहात आणि तुमच्याकडून निघालेला प्रकाश वेगवेगळ्या वाटांनी फिरून तुमच्या डोळ्यांत येतो आहे.

इथे मला हातछपाईचं उदाहरण फार उपयोगी पडतं. लाकडी ठसा एकच असतो आणि कापडभर तीच नक्षी उमटत जाते. खोली म्हणजे ठसा, आणि आत उभं राहून जे दिसतं ते कापड. गणितात या कापडाला वैश्विक आच्छादन म्हणतात. ठसा आणि कापड हा भेद मनात पक्का झाला की पुढचं बरंच काही हलकं होतं.

एक उपप्रश्न नेहमी येतो. खोली एक प्रकाशवर्ष रुंद असेल तर? तर समोरची पाठ एक वर्षापूर्वीची, तिच्या पुढची दोन वर्षांपूर्वीची. दूर बघत जाल तसतसे तुम्ही लहान होत जाल, वयानेही.

४. हे सगळं समजायला चौथी मिती लागते का?

लागत नाही. वर आपण चौथी मिती कुठेच वापरली नाही. फक्त जोडणीचा नियम सांगितला आणि आत उभे राहिलो. अवकाशाचा आकार आतूनच मोजता येतो; त्याला ठेवायला बाहेर मोठी पेटी असलीच पाहिजे असं नाही.

उलट, बाहेर ठेवण्याच्या आग्रहाने गोंधळ वाढतो. प्रश्न २ मधला सपाट टोरस नेहमीच्या त्रिमितीय जागेत न ताणता, नितळपणे ठेवता येत नाही. नॅश आणि कायपर या गणितज्ञांनी १९५०च्या दशकात दाखवलं की थोडी नितळता सोडली तर तो बसतो, आणि त्याचं चित्र प्रत्यक्ष काढायला २०१२ साल उजाडलं. फ्रान्समधल्या गणितज्ञांनी संगणकावर काढलेल्या त्या चित्रात टोरसावर सुरकुत्या आहेत, सुरकुत्यांवर आणखी बारीक सुरकुत्या आहेत, आणि हे थांबत नाही. चित्र अतिशय सुंदर आहे, जरूर शोधून बघा. पण टोरस समजायला सापाचा खेळ पुरतो.

५. भिंती सरळ न जोडता फिरवून किंवा उलटवून जोडल्या तर?

समोरची भिंत मागच्या भिंतीला अर्धा फेरा देऊन जोडली, तर समोर स्वतःची पाठ उलटी दिसेल: पाय वर, डोकं खाली. तिच्या पुढची प्रत पुन्हा सुलट. पाव फेरा दिला तर प्रती आडव्या, उलट्या, आडव्या, सुलट अशा क्रमाने दिसतील.

आरशासारखं उलटवून जोडली तर प्रकरण जास्त चमत्कारिक. डाव्या मनगटावर घड्याळ बांधून समोरच्या भिंतीतून गेलात आणि मागून परत आलात, की घरच्यांना ते तुमच्या उजव्या मनगटावर दिसेल. तुम्हाला स्वतःत काहीच बदल जाणवणार नाही. बदलल्यासारखं वाटेल ते बाकीचं घर: पुस्तकातली अक्षरं उलटी, घड्याळाचे काटे उलटे फिरणारे. अशा अवकाशांना अदिशनीय म्हणतात. मोबियसच्या पट्टीवर, म्हणजे एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीवर, मुंगीचं जे होतं तेच इथे माणसाचं होतं. पुन्हा एक फेरी मारलीत की सगळं पूर्ववत.

सपाट, म्हणजे वक्रता नसलेली, आणि सांत, म्हणजे अनंत नसलेली, अशी त्रिमितीय अवकाशं एकूण फक्त १० आहेत. त्यांपैकी ६ मध्ये डावं-उजवं टिकतं, ४ मध्ये टिकत नाही. यातली काही चौकोनी खोलीपासून बनतात, काही षट्कोनी खोलीपासून.

६. खोली घनाकृतीच का? दुसरा आकार घेतला तर?

माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर थोडं लांब आहे.

द्वादशफलक घ्या: पंचकोनी १२ बाजू, ३० कडा. समोरासमोरच्या बाजू जोडायच्या आहेत. लगेच अडचण येते, कारण समोरासमोरचे पंचकोन एकमेकांशी जुळत नाहीत. एक दुसऱ्याच्या मानाने ३६ अंशांनी फिरलेला असतो. म्हणजे सरळ जोडणी अशक्यच. एक तर ३६ अंश फिरवा, नाही तर १०८, नाही तर १८०. यापुढचे पर्याय पहिल्या दोघांचीच आरशातली रूपं आहेत.

आता कडांकडे बघा. ३६ अंश फिरवून जोडलं की ३० कडांचे तीन-तीनचे १० गट पडतात. एका गटातल्या तिन्ही कडा ही प्रत्यक्षात एकच कडा. म्हणजे आत उभं राहून बघितलं, तर प्रत्येक कडेभोवती तीन द्वादशफलक एकत्र आलेले दिसले पाहिजेत. फट राहू नये यासाठी प्रत्येकाचा कडेपाशी असलेला कोन १२० अंश हवा. पण नेहमीच्या द्वादशफलकाच्या दोन लगतच्या बाजूंमधला कोन सुमारे ११६.५७ अंश असतो. तीन एकत्र आणले की साधारण १० अंशांची फट राहते.

फट बुजवायची कशी? पृथ्वीचा गोल आठवा. उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरचे योग्य अंतरावरचे दोन बिंदू घेतले तर तिन्ही कोन ९० अंशांचा त्रिकोण मिळतो. गोलावर आकृती मोठी केली की कोन फुगतात. तसंच गोल वक्रतेच्या त्रिमितीय अवकाशात द्वादशफलक थोडा फुगवला की त्याचा कोन बरोबर १२० अंश होतो. असे १२० द्वादशफलक ते अख्खं अवकाश भरून टाकतात, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. ही झाली गणितज्ञ प्वाँकारे यांची प्रसिद्ध द्वादशफलक खोली.

१०८ अंश फिरवलं तर पाच-पाचचे ६ गट पडतात. आता कोन हवा ७२ अंशांचा, म्हणजे चांगलाच टोकदार. त्यासाठी उलट वक्रतेचं, हायपरबोलिक अवकाश लागतं. तिथे आकृती मोठी केली की कोन आकसतात. योग्य आकार येईपर्यंत द्वादशफलक वाढवायचा, की ७२ अंश मिळतात.

१८० अंश फिरवलं तर दोन-दोनचे १५ गट, आणि कोन चक्क १८० अंश: द्वादशफलक इतका फुगतो की गोल अवकाशाचा बरोबर अर्धा भाग व्यापतो आणि त्याच्या कडा मोडलेल्या राहतच नाहीत.

एकच खोली, फक्त जोडताना दिलेला फेरा वेगळा, आणि अवकाश पूर्ण बदललं. पहिल्या दोन जोडण्यांचं वर्णन वेबर आणि झायफर्ट यांनी १९३३ मध्ये एकाच लेखात केलं. पुठ्ठ्याचे तीन द्वादशफलक बनवून एका कडेभोवती लावून बघा. ती १० अंशांची फट बोटाने चाचपून बघितल्यावर वक्रता हा शब्द पोकळ राहत नाही.

७. गोल वक्रतेच्या अवकाशात वस्तू कशा दिसतात?

मित्र तुमच्यापासून दूर चालत निघाला की आधी नेहमीसारखा लहान दिसू लागतो. पाव फेरीच्या अंतरावर तो सर्वांत लहान दिसतो. त्यापुढे गेला की पुन्हा मोठा होऊ लागतो, आणि बरोबर समोरच्या टोकाला, म्हणजे अर्ध्या फेरीवर पोहोचला की सगळ्या दिशांना तोच दिसतो, आकाशभर पसरलेला. कारण सोपं आहे. उत्तर ध्रुवावरून निघालेली सगळी रेखावृत्तं दक्षिण ध्रुवावर एकत्र येतात, तसे तुमच्याकडून निघालेले सगळे किरण त्या टोकाला एकत्र येतात. मधे काहीच नसेल तर ते तसेच पुढे जाऊन तुमच्याकडेच परततात. अशा रिकाम्या अवकाशात कुठेही बघा, पार्श्वभूमीला स्वतःचंच डोकं मागच्या बाजूने दिसेल.

डोळ्यांचीही गंमत होते. पाव फेरीपलीकडची वस्तू दोन्ही डोळ्यांनी नीट बघायची तर बुबुळं बाहेरच्या बाजूला वळवावी लागतील, आणि ते आपल्याला जमत नाही.

८. आणि हायपरबोलिक अवकाशात?

सगळं फार लवकर लहान होतं. चार पावलं दूर गेलेला माणूस ठिपक्याएवढा वाटतो, कारण तिथे अंतर वाढेल तशी जागा घातांकी वेगाने वाढते. सामान हरवलं तर सापडायचं नाही. दोन डोळ्यांमुळे आणखी एक भ्रम होतो: अनंत अंतरावरची वस्तूही मोजक्या अंतरावर असल्यासारखी भासते.

लोकर आणि सुई हाताशी असेल तर याचं द्विमितीय रूप विणता येतं. दर ठराविक टाक्यांमागे एक टाका वाढवत गेलात की झालरीसारखं वळ्यावळ्यांचं कापड तयार होतं. कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये अशी विणकामं वर्गात शिकवण्यासाठी केली.

९. "आठ भूमिती" हा काय प्रकार आहे?

सपाट, गोल आणि हायपरबोलिक या तीन आपण पाहिल्या. त्यांना तिन्ही दिशा सारख्याच असतात. गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांच्या लक्षात आलं की दिशेनुसार वागणूक बदलणाऱ्या आणखी पाच भूमिती धरल्या, तर एकूण आठांत काम भागतं. त्यांचं अनुमान असं होतं की कुठलंही सांत त्रिमितीय अवकाश ठराविक रीतीने गोलांवर आणि टोरसांवर कापलं की प्रत्येक तुकड्याला या आठांपैकी एक भूमिती मिळते. १९८२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी रिचर्ड हॅमिल्टन यांचा रिची प्रवाहावरचा लेख आला. ओबडधोबड वक्रता हळूहळू सारखी करत नेण्याची ती पद्धत. तीच पुढे नेऊन ग्रिगोरी पेरेलमन यांनी २००२-०३ मध्ये तीन लेख इंटरनेटवर ठेवले आणि अनुमान सिद्ध झालं. १९०४ पासून अडलेला प्वाँकारे यांचा प्रश्नही (ज्या सांत अवकाशात दोऱ्याचा प्रत्येक फास लाडवावरच्यासारखा सुटतो, ते गोल अवकाशच असतं का?) त्यातच सुटला. पेरेलमन यांनी २००६ चं फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, आणि २०१० मध्ये जाहीर झालेलं दहा लाख डॉलरचं पारितोषिक, दोन्ही नाकारली. लोक त्या नकाराबद्दलच जास्त बोलतात. मला वाटतं, बोलावं ते या सिद्धतेबद्दल.

आठांपैकी हायपरबोलिक भूमितीचा पसारा सर्वांत मोठा आहे.

१०. गाठींचा याच्याशी काय संबंध?

सह्याद्रीत दोर लावून चढणाऱ्यांना आठच्या आकड्याची गाठ माहीत असते. ती मारून दोराची दोन टोकं जोडून टाका, आणि मग दोर सोडून भोवतालच्या जागेकडे बघा. गाठ काढून टाकली की जी जागा उरते तीही एक त्रिमितीय अवकाश आहे, आणि थर्स्टन यांनी दाखवलं की ती अवघ्या दोन चतुष्फलकांपासून (चार त्रिकोणी बाजूंच्या आकृत्यांपासून) बनते. त्यांचे कोपरे अनंतावर गेलेले असतात आणि कोन ६० अंशांचे होतात. नेहमीच्या चतुष्फलकाचा कोन सुमारे ७०.५३ अंश असतो, म्हणजे इथेही कोन आकसले, भूमिती हायपरबोलिक. दोघांच्या मिळून १२ कडा, सहा-सहाचे दोन गट, सहा गुणिले ६० बरोबर ३६०. हिशेब प्रश्न ६ सारखाच आहे. या जागेचं घनफळ २.०२९९ इतकं येतं. आत उभं राहिलात तर गाठ कधीच हाती लागत नाही. ती अनंत दूर असते.

सगळ्या गाठी अशा नसतात. साध्या गाठीची टोकं जोडली की जी त्रिदली गाठ होते, तिच्या भोवतालच्या जागेला हायपरबोलिक भूमिती मिळत नाही.

११. दोन अवकाशं एकच आहेत की वेगळी, हे नुसतं बघून ठरतं का?

कधी ठरतं, कधी नुसतं बघणं फसवतं. सांत हायपरबोलिक अवकाशांच्या बाबतीत १९६८ मध्ये मॉस्टो यांनी सिद्ध केलेला निकाल मदतीला येतो: तीन मितींत जोडणी ठरली की भूमितीही ठरली, तिला ताणायला वाव नाही. म्हणून घनफळ वेगळं आलं तर अवकाश नक्की वेगळं. दोन मितींत असं नसतं; दोन भोकांच्या वड्यावर हायपरबोलिक भूमिती अनेक प्रकारे बसवता येते. दिशनीय सांत हायपरबोलिक अवकाशांत सर्वांत लहान घनफळ सुमारे ०.९४२७ आहे, आणि ते जेफ्री वीक्स यांच्या नावाने ओळखलं जातं.

मात्र घनफळ सारखं आलं म्हणून अवकाश एकच असं म्हणता येत नाही. गोल भूमितीतली लेन्स अवकाशं, म्हणजे भिंगाच्या आकाराच्या खोलीच्या वरच्या-खालच्या बाजू फिरवून जोडलेली, तर आणखी अवघड. त्यांपैकी (७,१) आणि (७,२), म्हणजे एक सप्तमांश आणि दोन सप्तमांश फेरा देऊन जोडलेली, या दोघांत प्रतींची संख्या सारखीच, सात. टोपॉलॉजीतल्या नेहमीच्या बऱ्याच कसोट्यांना ती सारखीच वाटतात, तरी ती वेगळी आहेत. आत उभं राहिलात तर प्रती किती फिरलेल्या आहेत त्यावरून फरक कळतो.

१२. आपलं विश्व असंच गुंडाळलेलं असेल का?

२००३ मध्ये लुमिने, वीक्स आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की विश्व प्रश्न ६ मधली प्वाँकारे खोली असू शकेल, कारण वैश्विक पार्श्वप्रारणात, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळातून सगळ्या दिशांनी येणाऱ्या प्रारणात, मोठ्या कोनांवरचे चढउतार अपेक्षेपेक्षा क्षीण दिसत होते. तसं असतं तर आकाशात समोरासमोर जुळणाऱ्या वर्तुळांच्या सहा जोड्या, ३६ अंश फिरलेल्या, सापडायला हव्या होत्या. हे प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या नकाशांतही जुळणारी वर्तुळं सापडली नाहीत. त्यावरून विश्व अनंत ठरत नाही. गुंडाळी आपल्याला दिसणाऱ्या भागापेक्षा मोठी असू शकते.

१३. माझ्या डोळ्यांसमोर चित्रच येत नाही. मला हा विषय जमेल का?

जमेल. गोलाचं कवच न फाडता, न मोडता, स्वतःतून आरपार नेत आतलं बाहेर करता येतं हे स्टीफन स्मेल यांनी १९५०च्या दशकात सिद्ध केलं. ते प्रत्यक्ष कसं करायचं याचे टप्पे ज्यांनी मनात घडवले त्यांपैकी एक, बर्नार मोरँ, लहानपणापासून अंध होते. थर्स्टन यांना जन्मतः डोळ्यांचा तिरळेपणा होता, त्यामुळे कुठली वस्तू किती दूर आहे ही खोली थेट दिसत नसे. ती त्यांना मनात जुळवावी लागे.

चित्र येण्याआधी हात आणि हिशेब येऊ द्या. प्रश्न ६ मधले तीन पुठ्ठ्याचे द्वादशफलक हा चांगला आरंभ आहे.

१४. संगणकावर बघायचं तर काय वापरू? आणि पुढे शिकायचं तर कुठे?

वीक्स यांचं "कर्व्हड स्पेसेस" मोफत आहे आणि त्यात वर सांगितलेल्या बऱ्याच खोल्यांतून उडत फिरता येतं. सुरुवात टोरसपासून करा. "हायपररोग" या खेळात हायपरबोलिक पृष्ठावर वाट चुकण्याचा खरा अनुभव मिळतो. गाठींची घनफळं काढायला "स्नॅपपाय" आहे, त्यासाठी पायथन ही संगणकभाषा थोडी यावी लागते.

शिक्षणासाठी आधी रेषीय बीजगणित आणि गट सिद्धांत पक्के करा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्यात आयसरमध्ये या क्षेत्रात काम चालतं. टाटा संस्थेतले महान महाराज हे रामकृष्ण संघाचे संन्यासी आहेत आणि हायपरबोलिक भूमितीतल्या कामासाठी त्यांना २०११ चा भटनागर आणि २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला आहे.

१५. प्रती दिसल्या म्हणजे अवकाश सांत आहे, असं धरावं का?

नाही, आणि याला दोन अपवाद आहेत. पहिला: खोलीच्या फक्त समोरच्या आणि मागच्या भिंती जोडल्या, बाकीच्या काढून टाकल्या, तर एका रांगेत अनंत प्रती दिसतील, पण डावी-उजवीकडे अवकाश अनंतच राहील.

दुसरा जास्त खोल आहे. प्रश्न ९ मधल्या आठ भूमितींत "निल" नावाची एक आहे. तिच्यात काहीही जोडलेलं नसलं तरी एकच वस्तू अनेक ठिकाणी दिसू शकते, कारण प्रकाशाच्या वाटा मळसूत्रासारख्या फिरत जातात आणि दोन बिंदूंमध्ये अशा अनेक वाटा असू शकतात. चेंडू एका विशिष्ट दिशेला लांब नेत गेलात, की एका क्षणी त्याच्याभोवती कडी उमटते. त्या कड्या मोजून खोलीची मापं काढायला गेलात तर हिशेब चुकेल. आधी भूमिती कोणती ते ठरवायचं, मग प्रती मोजायच्या.